भाऊजींची निवृत्ती, ताईचे दात

माझे भाऊजी पन्नासाव्या वर्षी काम सोडून घरी बसले. आमच्या नात्यात हे आजवर कुणाला जमलेलं नाही, त्यामुळे चार माणसं जमली की कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन विचारतं, कसं काय जमवलंत? भाऊजी म्हणतात, काही विशेष नाही, थोडं थोडं. लोक माना डोलावतात. मी तिथे असले तर उठून दुसऱ्या खोलीत जाते, कारण माझी जीभ फार वेळ जागेवर राहत नाही.

भाऊजी दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. लोकांना वाटतं कवळी डॉक्टर बनवतात. डॉक्टर नुसतं माप घेतात. ते माप डबीत घालून लॅबमध्ये जातं, त्यात प्लॅस्टर ओतलं की पेशंटचा जबडा तयार होतो, आणि मग भाऊजींसारखा एक माणूस स्टुलावर वाकून मेणात एकेक दात बसवत जातो. लॅब म्हणजे दोन खिडक्यांची खोली. त्यातली एक खिडकी कायम बंद, कारण वाऱ्याने प्लॅस्टरची भुकटी उडते. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ओळीने जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. पॉलिशचं चाक सुरू झालं की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. भाऊजींचा हात चांगला होता, त्यात वाद नाही. त्यांनी केलेली कवळी घातल्यावर माणसाला वाटायचं, आपले खरे दात यापेक्षा वाईट होते.

माझ्या ताईशी लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एका मित्राबरोबर भागीदारीत स्वतःची लॅब काढली. दात भाजायची भट्टी दोघांची, कर्ज एकट्या भाऊजींच्या नावावर. वर्षभरात मित्राने भट्टी विकली, बाजारातली येणी गोळा केली आणि गाशा गुंडाळला. भाऊजी खालमानेने जुन्या मालकाकडे गेले, त्याच स्टुलावर बसले आणि नऊ वर्षं हप्ते भरत राहिले. त्या काळात घरात दातावर मारायला पैसा नव्हता. दातांवरून मराठीत जेवढे म्हणून विनोद होतात तेवढे मी करून बसले आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी नवे सुचवू नयेत. चहात दूध निम्मं, साबणाच्या वडीचे तुकडे, भाऊजींचे केस ताई कापायची आणि ताईचे कुणीच नाही. ताईने कुरकुर केली नाही. कर्ज बुडवायचं नाही हे दोघांचंही म्हणणं होतं, आणि तेव्हा मला भाऊजींचा अभिमान वाटायचा. हेही सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल मेहुणीचा आकस आहे.

कर्ज फिटलं तेव्हा ताईला वाटलं, आता जरा मोकळा श्वास घेऊ. नेमके त्याच महिन्यात लॅबमधले सगळ्यात जुने कारागीर वारले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. छातीत भुकटी बसली होती. शेवटच्या आठवड्यातसुद्धा ते खोकत खोकत चाकापाशी बसून कुणाच्या तरी सुळ्याला चकाकी आणत होते. भाऊजी त्यांना पोचवून घरी आले, हातपाय धुतले आणि ताईला म्हणाले, "मी पन्नाशीला उठणार. त्या चाकापुढे मरणार नाही."

यात चूक काय होती? काहीच नाही. मीसुद्धा म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. हप्ता भरायची सवय होतीच, तोच हप्ता ते आता स्वतःच्या नावाने बँकेत भरू लागले.

फरक एवढाच पडला की भाऊजी भाव दिवसांत सांगायला लागले. चप्पल दोन दिवसांची. पंखा अकरा दिवसांचा. ती वस्तू घेतली तर त्यांना स्टुलावर आणखी किती दिवस काढावे लागतील तेवढं सांगायचे आणि गप्प बसायचे. माझ्या भाचीने एकदा शाळेच्या सहलीचं काढलं. भाऊजी म्हणाले, "जा की. बाबा चार दिवस जास्त भुकटी खाईल." पोरगी गेली नाही. बापाच्या आयुष्यातून तोडलेल्या दिवसांवर कोणतं पोर मजा करेल? त्या घरात पुन्हा कुणी हट्ट केला नाही, आणि भाऊजी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे की आमच्याकडे सगळे समजूतदार आहेत.

ताईचे दात आमच्या माहेरी प्रसिद्ध होते. ती बाटल्यांची झाकणं दातांनी काढायची, अक्रोड फोडायची, शिवताना दोरा तोडायची आणि आईचा ओरडा खायची. चाळिशीच्या आतच तिची एक दाढ दुखायला लागली. रूट कॅनाल करून वर कॅप बसवली असती तर दाढ राहिली असती. भाऊजींनी हिशेब केला, वीस दिवस. लॅबच्या समोरच एका डॉक्टरांचा दवाखाना होता, त्यांच्या कवळ्या भाऊजीच करायचे. ते म्हणाले, तुमच्या घरचा दात काढायचे मी पैसे घेणार नाही. वाचवायचे मात्र घ्यावे लागतील, त्यात सामान जातं.

"मग काढूनच टाकू," भाऊजी म्हणाले. "तिथे मी बसवून देतो. फुकटात काम होईल."

लॅबमध्ये दात विकत येतात ते पट्टीवर, सहा-सहाचे. एखादा फुटला की उरलेले डब्यात पडून राहतात. त्या डब्यातून ताईची दाढ आली. ती जागेवर राहावी म्हणून तारेचा आकडा शेजारच्या दाताला अडकवलेला. हा आकडा ज्या दाताला धरतो त्यालाच हळूहळू खिळखिळा करतो, हे लॅबमध्ये झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. दोन वर्षांत शेजारचा दात हलला. तोही काढला, फुकट. मग त्याच्या शेजारचा. डब्यातले दात एका रंगाचे कुठून मिळणार? ताईच्या तोंडात एक पिवळट, एक करडा, एक पांढराफटक. तीन म्हाताऱ्यांकडून उसने आणल्यासारखे दिसायचे.

समोरचा दात दुखायला लागला तेव्हा ताई तोंडावर रुमाल धरून माझ्याकडे आली. ती रडत नव्हती, संतापली होती. "हा मी देणार नाही," म्हणाली. मी घरात होते नव्हते ते पैसे घेतले, तिच्याबरोबर गेले आणि भाऊजींपुढे ठेवले.

"हे काय?"

"ताईच्या दाताचे. सवडीने परत करा. नाही केलेत तरी चालेल."

त्यांनी पैशांना बोटही लावलं नाही. "या घरात पुन्हा उधारी येणार नाही," म्हणाले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत, तोच तर वैताग होता.

"अहो, मग भेट समजा."

"भेटीची परतफेड करावी लागते. ती उधारीच." मग ते ताईकडे वळले आणि इतक्या मायेने बोलले की मला भांडायला तोंडच उरलं नाही. "अगं, एवढी वर्षं काढलीस. माझी पन्नाशी होऊ दे. मग तुझे सगळे दात पक्के बसवून घेऊ. हाडात स्क्रू घालून बसवतात ना, तसले. काढा-घाला नाही, काही नाही. सफरचंद चावून खाशील. शब्द देतो."

त्या शब्दावर ताईने दात दिला. त्याच्यामागोमाग वरची सगळी रांग गेली. मग भाऊजींनी पूर्ण कवळी केली, तीही डब्यातल्याच दातांची. भाचीच्या लग्नाच्या फोटोत सगळे हसतायत आणि मुलीची आई तेवढी ओठ घट्ट मिटून उभी आहे. पुढे पुढे कवळी ढिली झाली. बोलताना खाली यायची, ताई ती जिभेने वर धरायची. त्यामुळे ती कमी बोलायला लागली, आणि भाऊजींना वाटलं की वयाबरोबर बाई शांत झाली.

पन्नासावं लागलं आणि भाऊजी खरंच उठले. मालक पगार वाढवायला तयार होता, त्यांनी ऐकलं नाही. पहिला महिना ते नुसते झोपले. मग सकाळी खिडकीपाशी खुर्ची, दुपारी आडवं होणं, संध्याकाळी एक फेरी. खोकला गेला, तोंडावर तेज आलं. ताई वाट बघत होती. तिने स्वतःहून एकदाही विषय काढला नाही. मी दोनदा काढला, आणि खोटं कशाला बोलू, भाऊजींनी टाळाटाळ केली नाही. तिसऱ्या महिन्यात ते तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर गेले.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिने वरच्या जबड्याचं माप घेतलं, मग एक्सरे काढून पडद्यावर लावला. "वरच्या बाजूला हाडच शिल्लक नाही," म्हणाली. "दात काढून फार वर्षं गेली की हाड झिजत जातं. स्क्रू घालायचा कशात?"

ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी पडद्याकडे बघत होते. त्यांना हे काही आजच कळत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या हातांखालून असेच जबडे गेले होते. एकाच माणसाचा जबडा पहिल्या मापाला उंच, दुसऱ्याला बसका, तिसऱ्याला बशीसारखा सपाट. शब्द दिला त्या दिवशीही त्यांना हे माहीत होतं. कदाचित ते त्यांनी स्वतःच्याही मनाला कळू दिलं नसेल. पण त्याने ताईच्या तोंडात हाड थोडंच येणार होतं?

डॉक्टर म्हणाली, उपाय आहे. कमरेचं हाड काढून तिथे भरायचं, ते धरलं की मग दात बसवायचे. खर्च सांगितला. भाऊजींनी नीट ऐकून घेतलं. परतताना आम्ही तिघं बसमध्ये एका बाकावर बसलो होतो. दोन थांबे गेल्यावर भाऊजी म्हणाले, "दोन वर्षं."

"काय दोन वर्षं?" मी विचारलं.

"लॅबमध्ये. पुन्हा दोन वर्षं बसलो तर होईल."

"आणि साठवलेत त्यातून?"

"त्याला हात लावला तर म्हातारपणी दोघं रस्त्यावर."

 ताई खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान आमच्याकडे होते.

आठवडाभराने सकाळीच ताईचा फोन आला. "अगं, ते लॅबमध्ये गेले. डबा मागून घेतला माझ्याकडून." तिचा असा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. बोलताना कवळी टकटक वाजत होती आणि तिला त्याची फिकीर नव्हती. "मी एका शब्दाने म्हटलं नाही हं. आपणहून गेले."

दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्याही. ताईने त्यांचा कामाचा ॲप्रन शोधून धुतला, इस्त्री केला. छातीत भुकटी जाऊ नये म्हणून नाकावर बांधायला जाड कापडाची पट्टी शिवली. रोज मला फोन करून सांगायची, आज डब्यात काय दिलं. एकदा म्हणाली, "दोन वर्षं काय, बघता बघता जातील. आणि खरं सांगू? त्यांनी एवढं मनात आणलं ना, आता नाही झाले दात तरी चालतील मला."

त्या दिवशी मी भाऊजींना माफ करून टाकलं. जड गेलं, पण केलं. स्टुलावर ठेवायला त्यांच्यासाठी एक चांगली जाड गादीसुद्धा विकत घेतली.

रविवारी गादी घेऊन त्यांच्या घरी गेले. भाऊजी खुशीत होते. गादी त्यांनी बघितली न बघितली आणि आम्हा दोघींना खिडकीपाशी उजेडात बसवलं. मग खिशातून रुमालात गुंडाळलेली डबी काढली. डबीत वरची कवळी होती. मी आजवर त्यांच्या हातच्या पुष्कळ कवळ्या पाहिल्या होत्या, अशी पाहिली नव्हती. सगळे दात एका रंगाचे, भारीतले, विकत आणलेले. हिरडीवर बारीक लाल शिरा रंगवलेल्या. समोरचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, ताईचे मूळचे होते अगदी तसे. ते त्यांनी आठवून बसवले होते.

"दवाखान्यातून तुझं माप आणलं, मालकाकडून आठवडाभर जागा मागून घेतली," भाऊजी म्हणाले. "तीनदा मोडून पुन्हा केली. आता खाली यायची नाही. घाल."

ताईने घातली. "हस बघू," ते म्हणाले. तिने ओठ उघडले. त्यांनी वाकून एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून, अंगठ्याने तिचा ओठ वर उचलून कड तपासली. आणि दात सुंदर दिसत होते. ताई वीस वर्षांनी लहान दिसत होती. मला तेच बघवेना.

"मला वाटलं, तुम्ही कामाला लागलात," ताई म्हणाली. किती वर्षांनी तिचे शब्द असे स्वच्छ आले.

"कामाला?" भाऊजींनी विचारलं. त्यांना मनापासून नवल वाटलं होतं. "आता कशाला?"