प्रामाणिकपणाच्या तासाला मी खोटं बोलले

"उभी राहा. सांग सगळ्यांना, तुझी आई दुधात पाणी किती घालते?"

सरांनी हे विचारलं तेव्हा मूल्यशिक्षणाचा तास चालू होता. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात 'प्रामाणिकपणा' लिहिलेलं होतं. मी सातवीत. पोलादपूरच्या त्या शाळेत डोंगरावरच्या आमच्या धनगरवाडीतून येणारी मी एकटीच. सकाळी आयबरोबर दुधाचा कॅन घेऊन खाली उतरायचं, चार घरी दूध घालायचं, मग शाळा. त्या चारांतलं एक घर सरांचं.

वर्ग हसला. मी म्हणाले, "नाय घालत."

"मग दूध पातळ का?"

पावसाळ्यात म्हशी कोवळं गवत खातात. दूध पातळच येतं. आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण सगळा वर्ग बघत होता, मी नुसती फळ्याकडे बघत राहिले. सर म्हणाले, "खरं बोललीस तर बसू देईन." मला फक्त खाली बसायचं होतं.

"हो. घालतो."

"शाब्बास!" सरांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मी खोटं बोलले म्हणून टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आय सरांच्या ओट्यावर दूध मापत होती. सर बाहेर आले. "काय गं, तुझ्या मुलीनं काल कबूल केलंय. आता तरी लाज बाळग."

आयने माझ्याकडे बघितलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. ही बाई रोज कॅन घासून उपडा घालायची. शेवटचा थेंब निथळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. विकायच्या दुधाला पाणी लागलं तर म्हैस आटते, असं आमच्यात मानतात. आणि तिच्या पोटच्या पोरीनंच तिला चोर ठरवलं होतं.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "उद्या म्हसच खाली आणू गो. त्येंच्या दारात पिळून दावू."

मला भयंकर संताप आला. सरांचा, आयचा, सगळ्यात जास्त माझा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! असल्या माणसाच्या दारात आम्ही म्हैस का म्हणून न्यायची?

"म्हस नाय आणायची, आये. खोटं मी बोलले. मीच सांगते."

त्याच दिवशी सरांच्या तासाला मी कुणी न सांगता उभी राहिले. "सर, काल मी भिऊन खोटं बोलले. आय पाणी घालत नाय. पावसात दूध पातळच असतं."

"बस खाली."

"पयलं तुम्ही सांगा, माझी आय चोर नाय."

सर लालबुंद झाले. "माफी माग, नाहीतर बाहेर हो."

मी बाहेर झाले. तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभी होते, पावसाची झड अंगावर घेत. माफी मी मागितली नाही. सरांनीही नाही. त्यांनी दूध तेवढं बंद केलं.

दहावी होईपर्यंत पोरं मला 'पाणीवाली' म्हणत. माझं खोटं त्यांच्या लक्षात राहिलं, खरं नाही. ह्याचा राग अजून आहे, आणि तो मी जाऊ देणार नाही. बसायला मिळावं म्हणून मी एकदा माझ्या माणसाला चोर म्हटलं. पुन्हा नाही. विचारणारा सर असो की साहेब, कितीही वेळ उभं करो. घातलं नाही म्हणजे नाही घातलं.