गुडघ्यावरचा हात

हिंगोलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे एक सर रोज आमच्या सेनगावच्या जीपमध्ये असतात. सांगणं एकच: "जीवाणूतलं प्रोटीन डीएनए चाचपत जातं. वळखीची जागा लागली, की बराबर पकडतं. मंग विषाचे जीन चालू!"

मग शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून ते गाव, आडनाव, पाहुणे विचारतात. गोरेगाव, म्हणजे त्यांची सासुरवाडी, निघालं की हात आवळतो आणि सासऱ्याचा उद्धार सेनगावापर्यंत चालतो.

काल माझ्यासोबत बायको होती. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वहिनींचं माहेर कोणतं?"

"पुणं," मी घाईनं म्हणालो. हात सुटला.

"काहून खोटं बोलून राहिले?" बायको म्हणाली. "गोरेगाव हाय की!"

हात परत आला.