निफाडची पेटी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या मंडळी, नंतर मला बोलू देणार नाही तुम्ही! माझी पहिली कॅसेट निघायची होती. नाही निघाली. आता ती कशी नाही निघाली, हे कुठल्या तोंडाने सांगू? चहा ओता, सांगतो.

कॅसेटचं नवं नवं वेड आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी देवळाली कॅम्पात एका गोदामात कारकून होतो. पण ते पोटापुरतं. एरवी मी संगीतकार! चाली माझ्या, शब्द माझे, गळा माझा, हार्मोनियमही माझीच. श्रोते तेवढे दुसऱ्यांचे, म्हणजे लग्नात पंगतीची वाट बघत बसलेले.

अशात मुंबईच्या कॅसेटवाल्यांनी नाशकात मेळावा ठरवला. नव्या गायकांनी यायचं, गाऊन दाखवायचं, आवडलं तर कॅसेट! मला बोलावणं आलं आणि मी हवेत! सफारी शिवला. आरशासमोर 'थँक्यू'चा रियाज केला. आणि घरात एका शब्दावर बंदी घातली.

"अहो, पेटी पुसून ठेवू का?" आमच्या कुसुमने विचारलं.

"पेटी काय पेटी? हार्मोनियम म्हण! आपण आता इंडस्ट्रीत चाललोय. पेटी द्राक्षांची असते."

हे वाक्य लक्षात ठेवा. तिने तर आजतागायत ठेवलंय.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे माझ्यासाठी फोन आला. खुद्द कंपनीचे साहेब!

"वसंतराव, येताना पेटी आणा बरं का. पण नीट बघून. मागे एकाने आणली, वरून झकास आणि आतून पार खराब!"

एवढं बोलून फोन बंद. पेटी? भर सीझनमध्ये? मी तडक निफाड गाठलं. तिथे आमचा मित्र दगू, त्याची द्राक्षाची बाग.

"दगू, उघड उघड मागतो रे हा माणूस!"

"आरं येड्या, मुंबईवाला मार्चमधी नाशकात काय तुझं गाणं ऐकाया येतोय व्हय? पेटी दे, कॅसेट घे. लय सोपं हाय!"

मलाही पटलं. मी काय दुनियादारी न कळणारा माणूस आहे का? दगूने निवडक घड कागदाच्या कातरणात बसवून पेटी भरून दिली. हार्मोनियम मी घरीच ठेवली. एवढ्या मोठ्या मेळाव्यात एखादी असणारच की!

साहेब हॉलच्या दारातच भेटले. "पेटी आणलीत?"

मी डोळा मिचकावला. "आणली ना! खास निफाडची."

"निफाडला पेट्या बनतात?"

"म्हणजे काय साहेब! तुमच्या मुंबईला ट्रकच्या ट्रक जातात."

साहेब चाट पडले. शेजारी तबलजी हातोडी घेऊन बसला होता. त्याने विचारलं, "काळी का पांढरी?"

आता गाणाऱ्या माणसाला असं विचारलं तर त्याने आपली पट्टी सांगावी की नाही? मी म्हणालो, "हिरवी. काळी यंदा चांगली उतरली नाहीत."

तबलजीने हातोडी खाली ठेवली.

"चला, तुमचा नंबर आला. पेटी घ्या स्टेजवर," साहेब म्हणाले.

स्टेजवर? सगळ्यांदेखत? काय हो धाडस या माणसाचं! मी पेटी पांढऱ्या चादरीवर नेऊन ठेवली, साहेबांकडे तोंड करून, आणि हात जोडून बाजूला उभा राहिलो.

"बसा ना, सा द्या," तबलजी म्हणाला.

"आधी साहेबांना घेऊ दे," मी म्हणालो आणि झाकण उचकटलं.

सगळ्यांनी माना उंचावल्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, "बघा हो, सा पिकलाय का!"

जो हशा उठला म्हणता! मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"साहेब, थोडा वेळ द्या, घरून हार्मोनियम आणतो!"

"अहो, तीच तर आणायला सांगितली होती!"

पुढच्या गायकाची मागितली, तर तो ती पोटाशी धरून बसला. मग तोच गायला. हार्मोनियमचे दोन सूर दबलेले, गळा तिसरीकडेच. पण साहेब माझी द्राक्षं खात खात त्याला माना डोलवत होते. कॅसेट त्याची निघाली.

घरी कुसुम एवढंच म्हणाली, "बरोबरच आहे. पेटी द्राक्षांची असते."

पुढच्या वर्षी वाण्याने पुन्हा हाक मारली. साहेबांचा फोन! मी धावत गेलो. वाटलं, गाणं ऐकायचं राहिलं म्हणून हळहळला असेल बिचारा.

"वसंतराव, परत येतोय आम्ही. पेटी आणाल ना?"

मी आता शहाणा झालो होतो. "साहेब, स्पष्ट सांगा. खायची की वाजवायची?"



"वाजवायची? अरे वा! म्हणजे तुम्ही वाजवतासुद्धा?"