तळपायांनी ऐकणारे शंकुण्णी मारार

त्रिशूरच्या आसपासच्या देवळांत उत्सव असला की चेंडावाल्यांच्या पहिल्या रांगेत मधोमध शंकुण्णी मारार उभे असायचे. गळ्यात चेंडा म्हणजे आमचा उभा ढोल, हातात काठी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू हत्तीसुद्धा त्यांच्याच परवानगीने कान हलवतायत. मी त्यांच्या मागे झांज वाजवायचो.

उभा जन्म ढोलांच्या गराड्यात गेला, त्यात कान गेले. आधी बायकोच्या लक्षात आलं. सरोजिनीअम्मा म्हणायच्या, "चहा घेता का विचारलं, तर म्हणतात, पडू दे पाऊस, विहिरी भरतील!" मग एका उत्सवात लय वाढली, सगळे पुढे गेले आणि मारार एकटेच जुन्या लयीत वाजवत राहिले. पथकप्रमुख नारायणनने त्यांच्या खांद्यावर हळूच हात ठेवला. मारारांनी चेंडा उतरवला, शेजारच्याच्या हातात दिला आणि सरळ घरी गेले. त्यानंतर ते उत्सवाला फिरकलेच नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांची भाची मालविका बंगळूरहून आली. ती कॉम्प्युटरवर संगीत करते. तिला आमचं पथक आणि तिचं इलेक्ट्रॉनिक संगीत मिळून एक कार्यक्रम करायचा होता आणि त्याचा सिनेमा काढायचा होता.

"अम्मावा, मधोमध तुम्ही हवेत!" ती मामाच्या कानाशी ओरडली. सगळ्या आळीला ऐकू गेलं.

"कशाला? बहिऱ्याला उभं करून हसं करायचंय?"

तिने वाद घातला नाही. माझ्या मदतीने अंगणात भला मोठा स्पीकर ठेवला आणि खर्जातला ठोका सुरू केला. स्वयंपाकघरातली भांडी खणखणली. सरोजिनीअम्मा "अगं, कौलं पडतील!" म्हणत बाहेर धावल्या. ओसरीच्या लाकडी पायरीवर अनवाणी बसलेले मारार एकदम खाली बघायला लागले. उठले, स्पीकरवर तळहात ठेवला. मग तिथलीच एक फळी ओढून त्यावर टाकली आणि चक्क वर चढून उभे राहिले.

"चेंडा आण, काठी आण," ते मला म्हणाले.

तासाभराने ते घामाने निथळत होते आणि भाचीला फैलावर घेत होते. "तुझा हा स्पीकरमधला गडी चालतो बरा, पण लय चढत का नाही? ढोलांचा मेळम म्हणजे चढायलाच हवं!"

"मी हाताने चढवते. तुम्ही फक्त मान हलवा."

मग रोज तेच. मामाने मान हलवायची, भाचीने बटण फिरवायचं. कधी ती घाई करायची, कधी ते. दोघं कडाकडा भांडायची आणि पुन्हा सुरू करायची.

चित्रीकरण कापणी झालेल्या भातखाचरात होतं. सगळा गाव बांधावर बसला होता. नारायणन माझ्या कानात म्हणाला, "मागे पडले तर?" ओठ वाचायला मारार तोवर शिकले होते. "तू स्वतःचा दम सांभाळ," ते म्हणाले आणि फळीवर चढले.

काय वाजवलं त्यांनी! लय चढत गेली, खालून स्पीकर घुमत होते, वर काठ्या बरसत होत्या. ऊन उतरलं तसा दिग्दर्शक "थांबा, थांबा!" ओरडायला लागला. मारारांना ऐकू येणार कसं? ते वाजवतच राहिले. त्यांना सोडून आम्ही कोण थांबणार? मालविकेने हसत बटण आणखी फिरवलं. कॅमेरावाल्यांनीही कॅमेरे बंद केले नाहीत. सिनेमाचा सगळ्यात गाजलेला भाग तोच.

सिनेमा गावच्या वाचनालयापुढे पडदा लावून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारारांच्या ओसरीवर बसलो होतो, तोच नारायणन दारात. "मारार, यंदा उत्सवाला पहिल्या रांगेत या."

मारारांनी त्याला बसवलं, पुट्टू आणि केळं दिलं. "येईन की. पण पायाखाली माझी फळी आणि स्पीकर हवा. देवळाच्या कारभाऱ्यांना, देवस्वमवाल्यांना विचारून ये. आणि लवकर विचार, कोचीचा कार्यक्रम ठरलाय, मग चेन्नई. माझ्या तारखा आता मालविकेकडे असतात."

नारायणन गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "तू काय बघतोस? कोचीला झांज कोण वाजवणार?"

मी घरी जाऊन पिशवी भरली.