लाल दिव्यावरची पट्टी

आमच्या यांना युनिटमध्ये सगळे 'कानसेन' म्हणत. कॅमेरामनला असलं नाव म्हणजे उलटाच कारभार, पण खोटं नव्हतं. रिळाचा कॅमेरा घरघरायला लागला की यांच्या जिवात जीव यायचा. घरघर थांबली की शॉट थांबला. उभा जन्म त्या आवाजाच्या भरवशावर काढला.

मग डिजिटल कॅमेरा आला. काळा, चौकोनी आणि मुका. चालू असल्याची खूण म्हणजे पुढचा लाल दिवा आणि आतल्या पडद्यावरची मुंगीएवढी अक्षरं. बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. यांची झोपच उडाली. जेवताना घास हातात तसाच धरून म्हणायचे, "मला भीती वाटते गं त्याची. काही बोलतच नाही." मी हसण्यावारी नेलं. मी मेकअपवाली, माझी पावडर थोडीच डिजिटल होणार होती!

त्या दिवशी आत्याबाईंचा सीन होता. यांची सख्खी आत्या. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलं. सगळी हयात रंगमंचावर गेलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी तिला पावडर लावत असताना ती यांना म्हणाली, "माझा आवाज तुझ्याकडे ठेवून जाते. सांभाळ."

शॉट सुरू झाला आणि लाल दिवा तिच्या चष्म्यात चमकला. "थांबा, थांबा!" दिग्दर्शक ओरडला. यांनी लगबगीने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. कुठे काही चमकलं की पट्टी लावायची, ही जुनी सवय. घरघर नव्हती, म्हणजे कॅमेरा बंदच, असं कानांनी ठरवलं. पुन्हा 'अ‍ॅक्शन' झालं आणि यांनी बटण दाबलं.

आत्याबाई बोलल्या. काय बोलल्या! मी पदर तोंडात कोंबून रडले. शेवटच्या वाक्याला आवाज फाटला. 'कट' झालं आणि यांनी पुन्हा बटण दाबलं. दुसरा टेक शक्यच नव्हता.

तिची गाडी गेल्यावर यांनी शॉट लावून पाहिला. आधी चष्म्यातला लाल ठिपका दिसला, मग पट्टी घेऊन येणारा यांचा हात. 'अ‍ॅक्शन' ऐकू आलं आणि चित्र तुटलं. पुढे थेट थकलेल्या आत्याबाई. "नीट आलं ना रे?" आणि यांचा आवाज, "आलं, आत्या. झकास आलं."

एवढंच.

आता फ्रीजची घरघर थांबली तरी हे दचकून उठतात. आत्याबाईंकडे जायचं म्हटलं की हे चपला शोधत बसतात. मला तर तिच्या डोळ्यांत बघवत नाही. परवा आम्ही गेलो तेव्हा तिची शेजारीण आली होती. आत्याबाईंनी दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली, यांच्याकडे कौतुकाने बोट दाखवलं आणि मग टीव्हीकडे. दाखव ना हिला.

"तयार होतोय अजून, आत्या," हे म्हणाले.

तिने मान डोलावली आणि बोटांनीच विचारलं, कधी?