संत्र्यांची एनॉर्मिटी

खाप्याहून नागपूरला कॉलेजात आलो तेव्हा माझ्या इंग्रजीत दोनच गोष्टी भक्कम होत्या, अक्षर आणि आत्मविश्वास. पहिल्याच निबंधात मी लिहिलं की माझ्या वडिलांच्या प्रेमाची ‘एनॉर्मिटी’ शब्दांत सांगता येणार नाही. एनॉर्मस म्हणजे प्रचंड, तेव्हा एनॉर्मिटी म्हणजे प्रचंडपणा. इतकं कोणालाही सुचेल. वर्ग सुटल्यावर इंग्रजीच्या सरांनी मला थांबवलं आणि अगदी हळू, आपुलकीनं विचारलं, “वडील फार मारतात का हो?”

सर आम्हा पोरांनाही अहोजाहो करत. मग त्यांनी समजावलं. शब्द मूळचा लॅटिन, नियमाच्या बाहेर पडलेलं काहीतरी असा. पुढे पुढे तो बाहेर पडत इतका लांब गेला की त्याचा अर्थ महापातक झाला. खून, विश्वासघात, लेकराच्या तोंडचा घास काढणं, अशा गोष्टींसाठी तो राखून ठेवलेला आहे. आकाराशी त्याचा संबंध नाही. आता अडाणी लोक तो डोंगराला आणि धरणाला लावू लागलेत, आणि त्यांच्यात तुमची भर पडली, असं म्हणून त्यांनी निबंध परत दिला. वडील तालुक्याच्या बाहेरही फारसे न गेलेले, मुलांवर हात न उचलणारे गृहस्थ. मी त्यांना एका ओळीत नराधम करून ठेवलं होतं.

पण त्या घोडचुकीमुळेच मला सरांच्या रविवारात जागा मिळाली. धरमपेठेतल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात दर रविवारी सकाळी चार-सहा जण जमत. रिकाम्या हातानं यायचं नाही, हा तिथला रिवाज. हातात काय आणायचं, तर आठवडाभरात शहरात कुठेतरी सापडलेली इंग्रजीची एक चूक. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, सिनेमाची जाहिरात, पेपरातला अग्रलेख, काहीही चाले. सर ती ऐकत, गुन्हा किती मोठा ते ठरवत आणि निकाल देत. एनॉर्मिटी प्रचंडपणाच्या अर्थानं वापरलेली कोणी पकडून आणली की सर खुर्चीत पुढे सरकून बसत. तो त्यांचा लाडका गुन्हा. आणि मी, स्वतः तो करून बसलेला, इतरांचा पकडण्यात सगळ्यात पुढे. नुकताच मांसाहार सोडलेला माणूस जसा दुसऱ्याच्या ताटात डोकावतो, तसं माझं झालं होतं.

आम्हाला चहा मिळे तो सरांच्या पत्नीच्या, काकूंच्या हातचा. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. आम्हाला त्या ‘चुकावाले’ म्हणत. फाटक वाजलं की आत आवाज जाई, “आले वं बाई, चुकावाले आले. दूध वाढव.” हे त्या स्वतःलाच सांगत, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

व्हरांड्यात सरांशी वाद घालायची हिंमत एकाचीच होती. तो माझा मित्र, भिवापूरकडचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. पुढे तो तार ऑफिसात लागला, मी त्याच कॉलेजात लेक्चरर झालो, तरी रविवार चुकला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. बोलणारे बदलले की शब्दही बदलतो, त्याला डांबून ठेवणारे तुम्ही कोण. एकदा सर म्हणाले, मोठं आणि दुष्ट यांची सरमिसळ करू नका. तो शांतपणे म्हणाला, “सर, आमच्या गावात ते दोन वेगळे नव्हतेच. मोठे म्हणजे कोन, हे आमच्या विहिरीले विचारा.” सर त्या दिवशी निकाल न देताच उठले. पुढच्या रविवारी मात्र त्याला पहिला चहा मिळाला.

ज्या रविवारबद्दल सांगायचं आहे, त्या दिवशी चूक मीच आणली होती. शहरातल्या एका इंग्रजी पेपरात यंदाच्या संत्र्याच्या पिकाची एनॉर्मिटी पाहून व्यापारी थक्क झाल्याचं छापलं होतं. मी ते उभं राहून वाचलं. सर हसून हसून डोळे पुसू लागले. संत्र्यांनी कोणतं महापातक केलं असेल यावर प्रत्येकानं तर्क लढवला. मी तर कळमन्याच्या बाजारात हातकड्या घातलेली संत्री कशी उतरवतात, याची नक्कल सुरू केली.

तेव्हा काकू दारात आल्या. चौकटीला हात लावून म्हणाल्या, “अहो, जरा आत येता का? कसंतरी होऊन राहिलं मले.”

सरांनी त्यांच्याकडे न बघता एक बोट वर केलं. एक मिनिट. माझी नक्कल ऐन रंगात होती, आणि दाद मिळत असताना थांबेन असा माणूस मी कधीच नव्हतो. थोड्या वेळानं चहाही आला, काकूंनीच आणला. कपबशी देताना त्यांचा हात ओला आणि गार लागला, ते मला जाणवलं. मी मनात म्हटलं, भांडी घासत असतील.

दुपारी त्या स्वयंपाकघरात पडल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारल्या.

त्यानंतर व्हरांडा बंद झाला. सर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत. शेजारणीनं आणलेला डबा तसाच परत जाई. कॉलेजात वर्गात जात, हजेरी घेत आणि पुस्तक न उघडताच बाहेर येत. पोरं तोंडावर चुकीचं इंग्रजी बोलत, तरी त्यांची मान वळत नसे. हे मला सगळ्यात भयानक वाटलं. हा माणूस असाच विझून जाणार, असं मला आणि माझ्या मित्राला दिसत होतं.

तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. कॉलेजात शोकसभा होती आणि इंग्रजीतलं भाषण माझ्याकडे होतं. मी ठरवलं, त्यात मुद्दाम ‘या हानीची एनॉर्मिटी’ असं म्हणायचं. सर ते सहन करणार नाहीत. चिडतील, उठतील, सगळ्यांसमोर मला झापतील, आणि चिडला माणूस म्हणजे जिवंत माणूस. मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “दुःखात बसलेल्या माणसाले काहून गळ टाकतो गा?”

मी टाकला. हॉलमध्ये सर पहिल्या रांगेत होते. तो शब्द मी जरा जोरातच उच्चारला, नटानं टाळीचं वाक्य फेकावं तसा. सरांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, लागला मासा. पण ते उठले नाहीत.

सभा संपून लोक पांगले तेव्हा ते माझ्याजवळ आले. शब्दाचा निकाल ते नेहमी इंग्रजीतच देत. त्या दिवशी मराठीत म्हणाले, “शब्द बरोबर वापरला तुम्ही.”

मी घाईघाईनं सांगू लागलो, की नाही सर, मला नुसतं मोठेपण म्हणायचं होतं, चूकच होती ती, मुद्दाम केलेली.

“तुम्ही कशाही अर्थानं म्हणा,” ते म्हणाले. “ती दारात उभी राहून बोलवत होती, अन् मी बोट वर केलं. त्याले दुसरा शब्द नाही.”

इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून ‘त्याले’ मी पहिल्यांदा ऐकलं. माझा मित्र शेजारी उभा होता. त्यानं सरांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. मला तेवढंही सुचलं नाही.

सर विझले नाहीत. हळूहळू जेवू लागले, निवृत्त झाले, स्वतःचा चहा स्वतः करू लागले. तो फार वाईट असे आणि आम्ही तो पीत असू. चुका मात्र पुन्हा कोणी न्यायच्या नाहीत, हे न बोलता ठरलं.

बऱ्याच वर्षांनी नवी डिक्शनरी माझ्या हाती आली. तिच्यात एनॉर्मिटीसमोर ‘प्रचंड आकार’ हा अर्थ सरळ दिलेला, नाक न मुरडता. मित्र तेव्हा रजेवर होता. म्हणाला, “चाल, दाखवू त्याहिले. शब्दच बदलला, तं त्याहिनं तरी काहून डोक्यावर घेऊन बसावं?” त्याला सरांना त्या शब्दाखालून बाहेर काढायचं होतं. मलाही.

आम्ही गेलो. सरांनी भिंग लावून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग मित्राकडे बघून जरा हसले. “तुम्ही जिंकलात,” म्हणाले. “पण माझ्या घरात जुनीच प्रत आहे. ती असू द्या.”

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावरून भाजीवालीनं हाक मारली. घ्यायचं काही नव्हतं, पिशवी भरलेली कोपऱ्यातच दिसत होती. तरी सर भिंग उघड्या पानावर टाकून तसेच उठले. हल्ली ते कोणाच्याही हाकेला असेच उठत, दूधवाल्याच्या, शेजारच्या पोराच्या, चुकून आलेल्याच्याही. एका पायात चप्पल, दुसरी शोधायला न थांबता, “आलो, आलो” म्हणत ते फाटकाकडे गेले.