घड्याळ बरोबर चालत होतं

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. दोन-तीनदा ओठांपर्यंत आली, आणि दर वेळी मी उठून पाणी प्यायले. नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी हा भाग गाळूनच बोलते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. फार उदात्त काही शोधू नका.

सुरुवात घड्याळांपासून करते — त्यातलं मला कळतं. ऑफिसात कुणाला वडिलांसाठी जुन्या घाटाचं मनगटी घड्याळ घ्यायचं असलं, की ते माझ्याकडे येतात. मी सांगते, तबकडी लहान बघा, पांढरीफेक नको, सायीच्या रंगाची हवी. काटे बारीक. काच किंचित फुगीर. सेकंदाचा काटा खाली वेगळ्या छोट्या वर्तुळात असेल तर उत्तमच. आत मात्र सेलवर चालणारं यंत्र घ्या. चेन्नईच्या घामात आणि खाऱ्या हवेत चावीचं घड्याळ म्हणजे घरात कायमचा आजारी माणूस. पाठीमागचं झाकण घट्ट बसणारं हवं, दमट हवा आत शिरता कामा नये. आणि पट्ट्याची रुंदी मोजून घ्या, म्हणजे जुना पट्टा नव्या घड्याळाला बसतो.

हे शेवटचं मला कसं ठाऊक, ते सांगायलाच बसले आहे.

मी पुण्याची. लग्न होऊन चेन्नईत मैलापूरला आले तेव्हा शतक नुकतंच बदललं होतं, आणि अंबत्तूरच्या एका कंपनीत मला कॉम्प्युटरवरची नोकरी होती. सासरची माणसं मूळची तंजावरची मराठी. म्हणजे देवाला मराठी, भांडायला तमिळ. राघव, माझा नवरा, वडिलांना तमिळमध्येच उत्तरं द्यायचा. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. त्यामुळे सासऱ्यांशी, मामंजींशी, त्यांच्या भाषेत बोलणारं त्या घरात कोणी उरलं नव्हतं. मी आले आणि म्हाताऱ्याची कळी खुलली. माझ्या मराठीला ते ‘नवी मराठी’ म्हणून चिडवायचे, मी त्यांच्या मराठीला ‘बखर’ म्हणायचे. आमचं चांगलं जमत होतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सून-सासऱ्याचं बिनसलेलं असेल.

मामंजी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. संध्याकाळी गल्लीतल्या मुली त्यांच्याकडे गणितं सोडवायला येत. डिसेंबरच्या संगीताच्या दिवसांत ते एकटे चालत सभेत, म्हणजे तिथल्या मैफलीला, जायचे, गाण्याला मांडीवर ताल धरायचे, परत यायचे. शेजारपाजारची माणसं घराबाहेर पडण्याआधी आमच्या फाटकापाशी थांबून विचारायची, राहुकाळ संपला का हो? मामंजी मनगट वर करून सांगायचे. त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

मनगटावर होतं ते चावीचं घड्याळ. लग्नात सासूबाईंच्या वडिलांनी जावयाला दिलेलं. रोज सकाळी संध्या झाली की कॉफीच्या आधी ते घड्याळाला चावी देत. मग कानाशी धरत. मग रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके पडले की काटा थोडा मागे घेत, कारण ते घड्याळ रोज पुढे जायचं. रोज. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट, ‘ही तुझ्या सासूसारखी, सदा घाईंत’ असं म्हणून हसायचे.

आणि ते सतत बिघडायचं. समुद्र जवळ, काचेखाली दव धरायचं, तेल सुकायचं. मग मी ते देवळाच्या तळ्यापाशी मामंजींचा ठरलेला दुरुस्तीवाला होता, त्याच्याकडे न्यायचं, ठेवायचं, पुन्हा आणायला जायचं. राघवला वेळ नसे. मला तरी कुठे होता? बसमधून लोंबकळत घरी यायचं आणि वर तळ्याला वळसा. मी वैतागले होते. एकदा चांगल्या शब्दांत सुचवूनही पाहिलं — मामंजी, नवं घेऊ या का, अगदी अशाच घाटाचं मिळतं आता, सेलवर चालतं, काही बघावं लागत नाही. ते म्हणाले, “सरि, बरें, घे. राघवाला घे.” विषय संपला.

पुढच्या वेळी घड्याळ बंद पडलं तेव्हा मी तळ्यापाशी गेले नाही. ऑफिसजवळच्या एका दुकानात दिलं. मामंजींनी बजावलं होतं, दुसऱ्या कोणाला उघडायला देऊ नकोस. मला वाटलं, कोणाला कळणार आहे? दुकानात काय झालं ते मला आजही नीट माहीत नाही. काहीतरी तुटलं. तो भाग आता मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि घड्याळ कागदी पाकिटात घालून माझ्या हातात दिलं.

त्या दिवशी मी घरी जाऊन सांगू शकले असते. मामंजी रागावले असते, दोन दिवस अबोला धरला असता. बस्स. कोणी मला फाडून खाणार नव्हतं. पण नवीन लग्न, ‘शुभदा काय हुशार, शुभदा सगळं बघते’ असं जो तो म्हणत होता — आणि मला ते फार आवडत होतं हो. ते सोडवेना.

मी घड्याळांची दुकानं पालथी घातली. तेव्हा बाजारात मोठी, जाडजूड घड्याळं आली होती, मी मामंजींना मिळतं म्हटलं होतं खरं, पण जुन्या घाटाचं मिळता मिळेना. शेवटी मिळालं. सायीच्या रंगाची तबकडी, बारीक काटे, खाली सेकंदाचं छोटं वर्तुळ. मामंजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अजून व्हायचा होता. तबकडीवरचं कंपनीचं बारीक नाव त्यांना दिसणार नव्हतं. हा हिशेब मी केला होता, तुमच्यापासून काय लपवू? जुन्याचा घामाने काळा पडलेला पट्टा काढून मी नव्याला चढवला. बरोबर बसला. तेव्हा मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. एखादं अवघड काम जमल्यावर होतो तसा.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी ते मनगटावर बांधलं आणि म्हणाले, स्वच्छ केलंन् बरें. सकाळी चावी द्यायला गेले आणि थांबले. फिरवत राहिले. कानाशी धरलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मी म्हटलं, मामंजी, आतलं यंत्र साफ केलंय, आता हाताला लागत नाही तसं. मग रेडिओचे ठोके पडले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं. आठवडाभर बघत होते. मग एका सकाळी राघवसमोर माझ्याकडे वळून म्हणाले —

“नव्हे गे. हें माझें घड्याळ नव्हे. माझें पुढें जातें. हें जातच नाहीं.”

राघव हसला. मोठ्याने हसला. घड्याळ बरोबर चालतंय अशी तक्रार करणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता. आणि मला राग आला. भीती नव्हे, राग. इतकी धावपळ करून आणलं, इतकं जुळवलं, आणि या माणसानं माझी चोरी ठोक्यांवरून पकडली! मी पुढे झाले, पट्टा दाखवला आणि म्हणाले, मामंजी, तुमचंच आहे. हा पट्टा ओळखत नाही का तुम्ही?

त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. पट्टा त्यांचाच होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. आणि मग — हे मला फार नीट आठवतं — त्यांनी घड्याळावर नव्हे, स्वतःवर संशय घेतला. चेहऱ्यावर दिसलं ते. गणिताचा मास्तर तो, त्याचं म्हणणं बरोबर होतं, त्याचा पुरावा बरोबर होता, आणि त्याने आपलं उत्तर माझ्या सांगण्यावरून खोडलं. का? तर सून खोटं बोलणार नाही म्हणून.

घरात ती गोष्ट विनोद म्हणून फिरली. राघवने आत्याला फोनवर सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली. मग काही दिवसांनी मामंजी चष्मा शोधू लागले आणि तो त्यांच्या खिशातच होता, तर राघव हसला नाही. चष्मा तुमचाही हरवतो, माझाही हरवतो. पण त्या घरात आता त्याला अर्थ आला होता. फाटकाशी कोणी वेळ विचारली तर मामंजी आत वळून मला विचारायचे, किती वाजले गे? मनगटावर जगातलं सर्वांत अचूक घड्याळ. मुलींना त्यांनी एके दिवशी सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका. राघवने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, ज्याला आपलें घड्याळ ओळखूं येत नाहीं तो दुसऱ्याचीं गणितें काय तपासणार? मी कॉफी गाळत होते. गाळत राहिले.

मग डॉक्टर. तिथे सांगता आलं असतं, तिथे तर सांगायलाच हवं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे केव्हापासून, सुरुवात कशाने झाली? राघवने घड्याळाची गोष्ट सांगितली. आता तो हसत नव्हता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान डोलावली. तोंडाने खोटं बोलायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. मामंजी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे.

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप येई, झोपेने तोल जाई, म्हणून एकट्याने बाहेर जाणं बंद. त्या डिसेंबरात ते सभेत गेले नाहीत. खिडकीत बसून राहिले. सकाळी चावी द्यायचं त्यांनी सोडून दिलं. घड्याळ तसंही चालतच होतं.

जुनं घड्याळ माझ्या ऑफिसच्या खणात होतं. कंपनी बदलली तेव्हा मी खण रिकामा केला, पण ते पाकीट न्यायला विसरले. नाही — विसरले नाही. ठेवून आले.

तुम्ही म्हणाल, म्हातारपण आलंच असतं, घड्याळाने काय होतंय. राघवही म्हणतो, वयच झालं होतं. असेल. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ते खरंच विसरू लागले होते, की आपण विसरतो असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, की त्या गोळ्या — मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि आता कळायची सोय नाही. मला एकच माहीत आहे. त्या सकाळी त्यांचं डोकं शाबूत होतं, आणि हे या जगात फक्त मलाच ठाऊक होतं.

शेवटी शेवटी ते प्रत्येक वस्तू मला दाखवून विचारायचे. हा टॉवेल माझा का? ही वहाण माझी का? मी हो म्हटलं की मगच घ्यायचे. राघवने सांगितलेलं चालत नसे. नातेवाईक म्हणायचे, सून असावी तर अशी. मी त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, कधी आवाज चढवला नाही. ते प्रेम होतं, यावर तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका. पण सांगितलं नाही. इतकी वर्षं, इतक्या सकाळी, आणि एकदाही नाही.

जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यांना एक दिवस चांगला गेला. उशीला टेकून बसले, माझा हात धरला आणि सावकाश, एकेक शब्द नीट लावत म्हणाले, घड्याळावरून मी तुझ्यावर आळ घेतला होता गे, लेकरा. तेव्हां पुत्रासमोर तुला खोटें पाडलें. बुद्धि ठिकाणावर नव्हती माझी. क्षमा कर.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, असू दे, मामंजी. त्यांनी पुन्हा विचारलं, केलीस ना?

मी म्हटलं, केली.